नुसते ‘घाबरू नका’ म्हणू नका

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक कार्यक्रमात एका निवृत्त परिचारिका भगिनीने केलेले भाषण)



मी काही भाषण करणारी बाई नव्हे. एकतीस वर्षे महानगरपालिकेच्या रुग्णालयात सिस्टर म्हणून नोकरी केली. त्यातली शेवटची दहा-अकरा वर्षे दुर्बिणीच्या विभागात गेली. समितीच्या मंडळींनी सांगितले, “ताई, आरोग्यावर काहीतरी बोला.” ब्लडप्रेशर, शुगर यांवर पुष्कळ लोक बोलतात. म्हणून मी ठरवले, ज्या विषयावर आपल्या घरात कोणी तोंड उघडत नाही, त्यावरच बोलायचे. शौचाच्या जागेतून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी करतात, तिला कोलोनोस्कोपी म्हणतात. त्या तपासणीची भीती, हा माझा आजचा विषय. काही तरुण मुले आतापासूनच हसायला लागली आहेत. हसा, हसा. हसून का होईना, विषय निघाला तर बरेच आहे.

प्रथम माझी एक चूक सांगते. नोकरीत असताना एक मावशी तपासणीला आली होती. वय साठीच्या आसपास, नऊवारी नेसलेली, बरोबर कोणी नाही. जुलाबाचे औषध रात्रभर पिऊन, उपाशीपोटी पहाटेच्या गाडीने आली होती. बाकावर बसून मला म्हणाली, “बाई, मला लई भ्या वाटतंय.” त्या दिवशी आमच्याकडे अकरा पेशंट होते. मी केसपेपर भरता भरता, मान वर न करता म्हटले, “घाबरू नका मावशी, काही होत नाही.” अर्ध्या तासाने तिचे नाव पुकारले तर बाकावर कोणी नव्हते. केसपेपरवर ‘गैरहजर’ असा शेरा मारून आम्ही पुढचा पेशंट घेतला.

दीड वर्षाने तीच मावशी अपघात विभागात आली. पोट फुगून घट्ट झालेले, शौच बंद, उलट्या. आतड्यात गाठ वाढून वाटच बंद झाली होती. तातडीने ऑपरेशन करून पोटावर पिशवी लावावी लागली. मी वॉर्डात भेटायला गेले, तेव्हा तिने मला ओळखले. रागावली नाही. एवढेच म्हणाली, “बाई, त्या दिवशी आत काय करत्यात ते कुणी जरा सांगितलं आसतं, तर बसले आसते मी.” पुढे सहा महिन्यांत ती गेली.

हजारो वेळा मी ‘घाबरू नका’ म्हटले असेल. ते म्हणणे किती पोकळ असते, हे मला स्वतःवर पाळी आली तेव्हा समजले.

२०२२ सालची गोष्ट. जिना चढताना मला धाप लागायला लागली. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन आठ. शौचाच्या तपासणीत डोळ्यांना न दिसणारे रक्त निघाले. डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, कोलोनोस्कोपी करून घ्या.” तुम्हाला वाटेल, या बाईला कसली भीती? हिने तर शेकडो पाहिल्या! पण मी ती चिठ्ठी घरी आणली आणि चहाच्या डब्याखाली ठेवून दिली. लोहाच्या गोळ्या घेत राहिले. घरात सांगितले, “वय झालं, रक्त कमी आहे, दुसरं काही नाही.” असे तीन महिने काढले. दुसऱ्याच्या तपासणीत उभे राहणे वेगळे, आणि त्या टेबलावर आपण झोपणे वेगळे.

शेवटी डबा घासताना सूनबाईच्या हाती ती चिठ्ठी लागली. ती ओरडली नाही, ‘का लपवलंत?’ असेही म्हणाली नाही. जुन्या दिनदर्शिकेचे पान फाडले, पेन घेतले आणि म्हणाली, “आई, कशाकशाची भीती वाटते ते एकेक सांगा. मी लिहिते.” लिहायला बसलो तर चारच गोष्टी निघाल्या. तीन महिने डोंगराएवढी वाटणारी भीती चार ओळींत मावली. त्या चार ओळी आज तुमच्यापुढे ठेवते.

पहिली ओळ: संडासाची.

तपासणीआधी आतडे धुतल्यासारखे स्वच्छ व्हावे लागते. त्यासाठी पावडर पाण्यात कालवून प्यावी लागते, बहुधा दोन लिटर. निम्मी आदल्या संध्याकाळी आणि निम्मी पहाटे, अशी दोन भागांत दिली तर आतडे जास्त साफ होते. मग दहा-पंधरा वेळा तरी जावे लागते. आमची चाळ, संडास गॅलरीच्या टोकाला, चार बिऱ्हाडांत एक. रात्री दहा वेळा बादली घेऊन जायचे म्हणजे सगळी चाळ विचारणार. बंधूंनो, पुष्कळ लोकांची तपासणी सुईच्या भीतीने राहत नाही, या अडचणीने राहते. पण हे कोणी डॉक्टरला सांगतच नाही. मी सांगितले. ते म्हणाले, “आदल्या दिवशी भरती व्हा, नाहीतर ज्यांच्या घरात संडास आहे अशा नातेवाइकांकडे राहा.” मी धाकट्या बहिणीकडे एक रात्र राहिले. एवढ्या साध्या गोष्टीसाठी मी तीन महिने घालवले होते!

खाण्यापिण्याचेही सांगते. दोन-तीन दिवस आधीपासून पालेभाजी, सालीची डाळ, बिया, शेंगदाणे, भाकरी बंद. मऊ भात, दही चालते. आदल्या दिवशी नुसते आरपार दिसणारे पातळ: नारळपाणी, गाळलेले लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत, बीट, कलिंगड असे लाल काही नको, कारण आत तो रंग रक्तासारखा दिसतो. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवतात. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, शुगरच्या गोळ्या, इन्सुलिन मात्र आपल्या मनाने बंद करू नका, चालूही ठेवू नका. डॉक्टरला विचारून त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या. पावडरचे पाणी गार करून, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास प्यावे. मळमळले तर थोडा वेळ थांबून पुन्हा सुरू करावे. त्या जागेला जळजळ होते, आधीपासून व्हॅसलिन लावावे. शेवटी शौचाला पिवळसर, स्वच्छ पाणी येऊ लागले की समजावे, आतडे साफ झाले. ते साफ नसेल तर डॉक्टरला आत दिसत नाही आणि पुन्हा सगळे करावे लागते. मी स्वतः सांगते, या तपासणीतला सर्वांत कंटाळवाणा भाग हाच. हा पार पडला की तुमच्या वाट्याचे काम बहुतेक संपले.

दुसरी ओळ: लाज.

आपण बायका तर मूळव्याध झाली तरी नवऱ्याला सांगत नाही. पुरुषही काही कमी नाहीत, ‘उष्णता झाली’ म्हणून ताक पीत बसतात. टेबलावर काय होते ते ऐका. तुमचे कपडे काढून रुग्णालयाचा गाऊन देतात. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. अंगावर चादर असते आणि कामापुरता भाग उघडा असतो. खोलीत डॉक्टर, सिस्टर, गुंगी देणारे आणि एखादा मदतनीस असतो. त्या सगळ्यांचे डोळे पडद्यावर असतात, कारण आतड्याचे चित्र तिथे दिसते. दहा वर्षांत त्या खोलीत मी कोणाच्या अंगाकडे पाहून कोणी हसलेले पाहिले नाही. तरीही एखाद्या बाईला वाटले की आत एक तरी बाई असावी, तर तिने आधीच तसे सांगावे. यात मेहेरबानी मागणे नाही. आपल्या शरीराबद्दल विचारणे हा आपला हक्क आहे, आणि हक्काचे कसे मागावे हे या विहारात बसणाऱ्यांना मी काय शिकवू?

तिसरी ओळ: गुंगीतून उठलेच नाही तर?

ही माझी सर्वांत मोठी भीती. या तपासणीला साधारणपणे मोठ्या ऑपरेशनसारखी, घशात नळी घालून भूल देत नाहीत. हाताच्या शिरेत सुई लावून गुंगीचे औषध देतात. एका प्रकारात माणूस पेंगुळतो, हाक मारली तर ‘ओ’ देतो, पण नंतर त्याला फारसे आठवत नाही. दुसऱ्या प्रकारात झोप जास्त गाढ असते, तेव्हा बहुधा भूलतज्ज्ञ जवळ असतो. दोन्हीत श्वास तुमचा तुम्हीच घेता. बोटाला चिमटा लावतात, तो रक्तातला ऑक्सिजन आणि नाडी दाखवतो. दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा, नाकाशी ऑक्सिजन. तुम्ही झोपलेले असता, पण तुमच्यासाठी कोणीतरी जागे असते.

मात्र त्या जागणाऱ्याला खरे सांगा. झोपेत जोरात घोरता का, श्वास अडकतो का, दमा आहे का, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का, पूर्वी भूल देताना त्रास झाला का, कवळी किंवा हलणारा दात आहे का. दारू, विडी, तंबाखू, मिश्री, काहीही लपवू नका. भीतीपोटी आदल्या रात्री घरातली झोपेची गोळी कोणी परस्पर घेऊ नये. आणि मुख्य म्हणजे, ‘मला भीती वाटते’ हे त्याला स्पष्ट सांगा. तीही त्याच्या उपयोगाची माहिती आहे.

धोका मुळीच नाही, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे म्हणजे पुन्हा ‘घाबरू नका’ म्हणण्यासारखेच आहे. आतड्याला छिद्र पडू शकते, रक्त येऊ शकते. परंतु साध्या तपासणीत छिद्र पडण्याचे प्रमाण हजारात एकापेक्षाही कमी आहे. आतले काही कापून काढावे लागले तर ते थोडे वाढते. सहीच्या कागदावर हे सगळे लिहिलेले असते. तो कागद वाचून, विचारून मगच सही करा.

शुद्ध आपल्या हातात नाही, ही कल्पना मोठमोठ्यांनाही गंभीर वाटते. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जो बायडेन यांची हीच तपासणी झाली. गुंगीत असताना देशाचा निर्णय घेता येणार नाही, म्हणून त्यांनी आपले अधिकार उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्याकडे लेखी सोपवले. सुमारे ८५ मिनिटांनी ते परत घेतले. त्यांच्यापूर्वी जॉर्ज बुश यांनीही २००२ आणि २००७ साली असेच केले होते. सांगायचे तात्पर्य हे की, एवढा मोठा कारभार तासा-दीड तासासाठी दुसऱ्याच्या हाती देता येतो, तर आपल्या घरच्या किल्ल्या सुनेच्या हाती द्यायला काय हरकत आहे? मी दिल्या. दुपारी मागून घेतल्या.

चौथी ओळ: आत काय निघेल?

खरे तर या ओळीसाठीच मी बाकीच्या तीन ओळी पुढे करत होते. मनात शब्द एकच होता: कॅन्सर. पण तपासणी न केल्याने आत असलेले नाहीसे होत नाही, आपल्याला कळत नाही एवढेच. आणि इथे एक मोठी दिलाशाची गोष्ट आहे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुधा एका रात्रीत उगवत नाही. आतल्या अस्तरावर आधी चामखिळीसारखा कोंब येतो, त्याला पॉलिप म्हणतात. सगळे कोंब बिघडत नाहीत. जे बिघडतात त्यांनाही बहुधा कित्येक वर्षे लागतात. तेवढा अवधी आपल्याला मिळालेला असतो. पूर्वी वरच्या भागातला असा कोंब काढायला पोट उघडावे लागे. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम वोल्फ आणि हिरोमी शिन्या या डॉक्टरांनी दुर्बिणीतूनच तारेचा फास टाकून कोंब काढायला सुरुवात केली. आज दुर्बीण टाकली असतानाच पुष्कळसे कोंब तिथल्या तिथे निघतात. म्हणजे ही तपासणी रोग शोधते, आणि पुष्कळदा तो होण्याआधीच मोडून काढते. त्या मावशीच्या आतड्यातही एके काळी असा कोंबच असणार, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ असे वस्तीत बोलतात. ते खोटे आहे. तुकडा तपासायला पाठवला म्हणजे कॅन्सरच आहे, असेही नव्हे.

आता प्रत्यक्ष दिवसाचे सांगते. सकाळचा पहिला नंबर मागून घेतला, कारण वाट पाहण्यात भीती वाढते. सूनबाई बरोबर होती. बाकावर बसल्यावर हात गार पडले, छाती धडधडायला लागली. तेव्हा ‘मी घाबरणार नाही’ असे मनाला बजावले नाही, त्याने धडधड वाढतेच. विहारात डोळे मिटून आपण श्वासाकडे लक्ष देतो, तेवढेच केले. श्वास आत आला, बाहेर गेला. बाहेर सोडताना जरा सावकाश. मन पळाले की पुन्हा श्वासावर आणायचे. भीती गेली नाही, पण ती शेजारी बसली, छातीवरून उतरली.

आत गेले तर तिथली सिस्टर माझ्याच हाताखाली शिकलेली मुलगी. म्हणाली, “मॅडम, तुम्हाला काय सांगायचं!” मी म्हटले, “नाही गं, मला काहीच माहीत नाही असं समजून सगळं सांग.” तिने सांगितले: आता सुई लावते, आता हाताला जरा गार लागेल, आता कुशीवर व्हा. एवढे ऐकले, आणि पुढचे मला आठवते ते बाहेरच्या खाटेवरचे. मी सूनबाईला विचारले, “कधी सुरू करणार?” ती म्हणाली, “आई, होऊन गेलं.” म्हणे हाच प्रश्न मी तिला चार वेळा विचारला!

नंतर पोटात वारा धरल्यासारखे वाटते, कारण आतडे उघडावे म्हणून आत हवा भरतात. ती हवा सोडायची. तिथे सगळेच सोडतात, लाजायचे नाही. पोरांनो, आता मात्र मोकळेपणाने हसा.

माझ्या आतड्यात बोराएवढा एक कोंब निघाला, तो तिथेच काढला. आठ दिवसांनी अहवाल आला: कॅन्सर नाही, पण पुढे होऊ शकला असता अशा जातीचा. तीन वर्षांनी पुन्हा यायला सांगितले. हिमोग्लोबिन हळूहळू वर आले. आणखी एक-दोन वर्षे चिठ्ठी डब्याखाली राहिली असती तर काय झाले असते, याचा हिशेब मी मांडत नाही.

काही गोष्टी ध्यानात ठेवा. बरोबर एक जबाबदार माणूस हवाच. डॉक्टर निकाल सांगतात तेव्हा आपण गुंगीत असतो आणि विसरतो, म्हणून तो बरोबरच्याने ऐकावा आणि कागद घ्यावा. चोवीस तास गाडी चालवू नये, महत्त्वाच्या कागदावर सही करू नये, गॅसपाशी एकटे राहू नये. पोटात खूप दुखणे, ताप, पुन्हा पुन्हा रक्त पडणे किंवा उलट्या असे काही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आणि तपासणी कोणी करावी? शौचातून रक्त पडत असेल, शौचाची सवय काही आठवड्यांपासून बदलली असेल, कारण नसताना वजन किंवा रक्त कमी होत असेल, आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कोणाला हा कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरला दाखवा. तपासणी लागेल की नाही ते तो ठरवील. पण ‘मूळव्याधच आहे’ हे आपण ठरवू नये. आपल्याकडे सरकारी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणी होते, मोठ्या आतड्याची होत नाही. म्हणजे तुम्हाला बोलवायला घरी कोणी येणार नाही. आपणच आपल्या तोंडाने सांगितले पाहिजे.

शेवटी एक विनंती करते आणि थांबते. आपल्या वस्तीत कोणाला मुलाच्या शाळेचा अर्ज भरायचा असला तर चार जण धावतात. मयतीला तर सगळी वस्ती जाते. तशीच, ज्याला या तपासणीला जायचे आहे त्याच्याबरोबर एक जण जाऊ द्या. महिला मंडळाने पाळी लावावी, माझे नाव पहिले लिहावे. ज्यांच्या घरात संडास आहे त्यांनी एका रात्रीपुरते दार उघडावे. आणि कोणी म्हणाले, “मला भ्या वाटतंय,” तर मान वर करून त्याच्याकडे बघा, त्याच्याजवळ बसा आणि विचारा, “कशाकशाची? एकेक सांगा.”

एकतीस वर्षांच्या नोकरीत मला हे जमले नाही. माझ्या सुनेला एका फाटक्या पानावर जमले.